संत्रा, हवामान बदल आणि सरकारी धोरण (नागपूर जिल्हा)

नागपूर जिल्ह्यात हवामान बदलाची चर्चा कापूस-सोयाबीनवरच होते, पण खरा फटका बघायचा तर काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातले संत्र्याचे बगीचे बघावे. सोयाबीन गेलं तर पुढच्या वर्षी दुसरं काही पेरता येतं, संत्र्याला मात्र फळावर यायलाच चार-पाच वर्षं लागतात.

संत्र्याचं सगळं गणित ताणावर आहे. पाणी तोडायचं, जमीन सुकू द्यायची, मग पाणी मिळालं की झाड फुटतं, फुलं येतात. त्या फुलोऱ्याला बहार म्हणतात. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत, मृग बहाराचा मे महिन्यात, आणि तो फोडतो जूनचा पाऊस. मधेच अवकाळी आला की ताण तुटतो, फुलं कमी अन् पालवीच जास्त, जून कोरडा गेला तर मृग धड फुटतच नाही. आंबियाची बारीक फळं एप्रिल-मेच्या उन्हात गळतात (पारा 45 च्या वर जाणं इथं नवीन नाही), त्यातून वाचलेली ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत बुरशीनं.

कागदावर धोरण भरपूर आहे. 2008 चा हवामान बदलावरचा राष्ट्रीय कृती आराखडा, 2011 चा निक्रा प्रकल्प (हवामान बदलात टिकणाऱ्या शेतीवरचा केंद्राचा संशोधन प्रकल्प), मग जागतिक बँकेच्या कर्जावरचा राज्याचा पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प), ज्याच्या पहिल्या टप्प्यातल्या 15 जिल्ह्यांत शेजारचे वर्धा-अमरावती होते पण नागपूर नव्हतं, ते आलं दुसऱ्या टप्प्यात.

फळपीक विमा हवामानावर आधारित आहे, म्हणजे गारपिटीचं जादा संरक्षण सोडलं तर बगीच्यात पंचनामा नाही, महसूल मंडळातल्या (काही गावांचा गट) हवामान केंद्राचा आकडा ठरलेल्या तारखांत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच पैसे. कल्पना वाईट नाही, पण पाऊस एका वावरात पडतो अन् दुसऱ्यात नाही, आणि केंद्र मंडळाला एक. सरकारी मदतीचंही तसंच, अतिवृष्टी म्हणजे दिवसाला 65 मिमीच्या वर, मग आठ दिवस रिपरिप पडून बगीचा गळाला तरी तो मदतीत बसायचा नाही. 2023 मध्ये राज्यानं सततचा पाऊस पण आपत्ती मानली, हे उशिरा का होईना बरं झालं.

ठिबक, गादीवाफे, जंभेरीऐवजी रंगपूर लाइमच्या खुंटावरची कलमं (दोन्ही लिंबाच्या जाती, खुंट म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर संत्र्याचं कलम बांधतात ते), जी पाण्याचा ताण आणि मुळकूज जास्त सोसतात, हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. पण जुने बगीचे बहुतेक जंभेरीवर, खुंट बदलायचा म्हणजे झाडं उपटून नव्यानं लावायची, मधली वर्षं संत्र्याचं उत्पन्न नाही आणि फळावर न आलेल्या झाडाला फळपीक विमाही लागू नाही.