चुलीवर न चढणारे सूप: गास्पाचोमागचे रसायन

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसियामध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि सेव्हिल, कोर्दोबा यांसारख्या शहरांत दुपारच्या जेवणाआधी गास्पाचो हे टोमॅटोचे थंडगार सूप समोर येते. पिकलेले टोमॅटो, काकडी, हिरवी मिरची (तिखट नसलेली, लांबट जातीची), लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, शेरी व्हिनेगर आणि मीठ हे सारे कच्चेच वाटून, गाळून, गार करून ते पितात. मुळात हे उन्हात राबणाऱ्या शेतमजुरांचे अन्न होते, आणि त्यात पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, मीठ व पाणी एवढेच जिन्नस असत. टोमॅटो सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून स्पेनला पोचला आणि या वाडग्यात तर त्यानंतरही पुष्कळ उशिरा आला. मालागाकडचे बदाम-लसणाचे पांढरे ‘आहो ब्लांको’ हे टोमॅटोविना होणारे त्याचे भावंड आजही आवडीने खाल्ले जाते.

कोणताही पदार्थ शिजवताना आपण त्यातील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, उष्णतेने निकामी करत असतो. गास्पाचोला विस्तव लागतच नसल्यामुळे टोमॅटो व लसणातील विकरे वाटण्यात शेवटपर्यंत काम करत राहतात. त्यांतली काही सुपाला चव व गंध देतात, तर काही त्याचा दाटपणा मोडतात. हे सूप उत्तम साधणे म्हणजे पहिल्या गटाला वाव देणे आणि दुसऱ्याची भरपाई करणे होय.

कापलेल्या टोमॅटोचा ताजा, हिरवट वास अखंड फळात जवळजवळ नसतो. पेशी फुटल्या की त्यांच्या पटलांतील मेदाम्लांवर लिपॉक्सिजनेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने काम करू लागते आणि काही क्षणांत हेक्सेनालसारखी सुगंधी संयुगे तयार होतात. उकळत्या टोमॅटोत विकर मरते आणि हा वासही उडून जातो. कच्च्या वाटणात मात्र तो पुरेपूर उतरतो. म्हणूनच या सुपासाठी टोमॅटो कोणता आणि तो कसा ठेवलेला, याला फार महत्त्व आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात टोमॅटो ५ अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवले, तेव्हा गंधद्रव्ये लक्षणीय घटली आणि नंतर एक दिवस २० अंशांवर ठेवूनही ती पूर्णपणे भरून आली नाहीत. साखर व आम्ले मात्र फारशी बदलली नव्हती. थंडीमुळे गंधनिर्मितीशी संबंधित जनुकांचे काम मंदावते आणि डीएनएवरील रासायनिक खुणाही बदलतात, असे त्यात दिसून आले. सूप गार करायचे खरे, पण त्याआधी टोमॅटो फ्रिजबाहेरच ठेवायला हवेत.

बियांभोवतीचा गर काढून टाकण्याची सवयही इथे नुकसानीची ठरते. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये केलेल्या मोजणीत टोमॅटोच्या बाहेरच्या मांसल भागात किलोमागे सुमारे १.२६ ग्रॅम ग्लुटामिक आम्ल आढळले, तर बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ४.५६ ग्रॅम. ज्या खमंग, भरदार चवीला उमामी म्हणतात ती या आम्लामुळे येते. त्यामुळे बिया आधी पिळून न टाकता सगळे वाटून घ्यावे आणि मग गाळावे. साल व बिया चाळणीवर राहतात, गर खाली उतरतो.

१ किलो टोमॅटोला अर्धी काकडी, एक हिरवी मिरची, लसणाची एक पाकळी, ५०-६० ग्रॅम शिळा पाव, ६० ते ८० मिलिलिटर तेल, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि चवीपुरते मीठ हे प्रमाण मला समतोल वाटते. चिरलेल्या भाज्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवावे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावल्यावर सुटते तसेच परासरणाने इथेही पाणी सुटते; त्या रसातच पाव भिजवला की वरून पाणी घालावे लागत नाही आणि सूप फिके होत नाही.

लसणाचा उग्रपणाही विकरानेच घडतो. अलीन आणि अलिनेज ही द्रव्ये अखंड पाकळीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात; पाकळी ठेचताच ती एकत्र येतात आणि झणझणीत अलिसिन बनते. तीव्र आम्लात अलिनेज निष्प्रभ होते. त्यामुळे पाकळी व्हिनेगरमध्येच ठेचली, तर लसूण जाणवतो पण जीभ पोळत नाही. कोरडी ठेचून तासभर ठेवलेली एकच पाकळी सगळे सूप गिळंकृत करू शकते.

दाटपणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. टोमॅटोचा रस दाट राहतो तो पेशीभित्तिकांतील पेक्टिन या चिकट, तंतुमय द्रव्यामुळे. आणि फळ चिरडल्याबरोबर पेक्टिन तोडणारी दोन विकरे मोकळी होतात. टोमॅटो प्युरीचे कारखाने यावर उपाय म्हणून फळे चिरडताच ती ९० अंशांच्या आसपास तापवतात. कमी तापमानाला केलेली प्युरी पातळ होते आणि तिचे पाणी वेगळे पडते. गास्पाचोत तापवण्याची सोय नाही. तिथे पाव मदतीला येतो: त्यातील स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि तुटणाऱ्या पेक्टिनची उणीव भरून काढतो. कोर्दोबाच्या ‘साल्मोरेहो’मध्ये पाव इतका अधिक असतो, की ते सूप चमच्यावर ठरते आणि त्यावर उकडलेले अंडे व हॅमचे तुकडे घालता येतात.

तेल सर्वांत शेवटी, मिक्सर चालू असताना बारीक धारेने घालावे. त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात, आणि पेक्टिन, पावातील प्रथिने व पेशींचे बारीक कण त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. हे पायस, म्हणजे तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण (इमल्शन), तयार होताना डोळ्यांना दिसते: लालभडक रस काही सेकंदांत केशरी होतो, कारण असंख्य थेंबांवरून सर्व रंगांचा प्रकाश विखुरला जातो. तेल एकदम ओतले तर रंग लालच राहतो आणि थोड्या वेळाने वर तवंग येतो. या तेलाचा आणखी एक लाभ असा, की टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपिन मेदात विरघळते आणि तेलाच्या सोबतीने ते शरीरात अधिक शोषले जाते.

मीठ-आंबटाचा अखेरचा निर्णय सूप पूर्ण गार झाल्यावरच घ्यावा. गोड, कडू व उमामी चवींचा संदेश पुढे नेणारा टीआरपीएम-५ हा जिभेतील आयनमार्ग (चवपेशींच्या पटलातील विद्युतभारित कणांची वाट) १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमानाबरोबर अधिक सक्रिय होतो, हे २००५ साली दाखवले गेले. गार पदार्थात या चवी मंदावतात. आंबट चवीचा मार्ग वेगळा असल्याने ती तुलनेने वरचढ ठरते. कोमट असताना योग्य वाटलेले व्हिनेगर म्हणूनच फ्रिजमधून काढल्यावर जास्त वाटते.

या सुपाने उन्हात बरे वाटते याचे श्रेय सहसा त्याच्या गारव्याला दिले जाते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ५ अंशांचे २५० मिलिलिटर सूप शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ८ किलोकॅलरी उष्णता शोषते. तेवढीच उष्णता जेमतेम १४ ग्रॅम घाम वाळल्याने निघून जाते, आणि उन्हात कष्टणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. शरीराला खरा गारवा घामानेच मिळतो, आणि त्या घामासाठी लागणारे पाणी व मीठ हे सूप पुरवते. टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असते, आणि पाव व तेल दुपारच्या कामाला लागणारी ऊर्जा देतात. आंदालुसियाच्या मजुरांना ही आकडेमोड ठाऊक नव्हती, पण त्यांनी निवडलेले जिन्नस तिच्याशी पूर्णपणे जुळतात.

कच्च्या अन्नाची काळजी मात्र घ्यायलाच हवी. टोमॅटो व व्हिनेगर यांच्या आम्लतेमुळे अनेक जीवाणूंची वाढ रोखली जाते, पण काकडी आणि पाव ती आम्लता सौम्य करतात. शिवाय फळांच्या सालीवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असल्यास तो मारायला इथे आच नाही. भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, सूप झाकून ५ अंशांच्या खाली ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. वाढण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढून एकदा ढवळावे. बर्फाचे खडे आत घालू नयेत, कारण ते वितळले की मिठाने काढलेल्या रसात पाणी मिसळते.