फोंडा घाटात दम सोडणारी पिकअप आणि टाकीतली जाळी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मामांची पिकअप देवगडहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघाली आणि फोंडा घाटात चार-पाच वळणं चढून बंद पडली. पंधरा मिनिटं थांबून चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. दोन वळणं गेली, पुन्हा बंद. घाट संपेपर्यंत हे पाच वेळा झालं. वर ऊन रणरणत होतं आणि पेट्यांत तयार होत आलेला आंबा होता.

"चढाव इलो की गाडी दम सोडता, नि जरा थांबलंय की परत पळता," मामा रात्री फोनवर म्हणाले.

त्याआधी महिनाभर एका गॅरेजमध्ये दोनदा डिझेल फिल्टर बदलून झाला होता. दुसऱ्या गॅरेजने इंजिनाच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावला, तर पी-0087 हा कोड निघाला. त्याचा अर्थ इंजेक्टरकडे जाणाऱ्या सामाईक नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब कमी पडतोय. तेवढ्यावरून तो दाब तयार करणारा हाय-प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळाला, आणि त्याचा खर्च एका हंगामाच्या नफ्याला मोठी कात्री लावणारा होता. कोड खोटा नव्हता, दाब खरंच पडत होता. पण तो का पडतोय, हे स्कॅनरला कळत नाही. खरा सुगावा मामांच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात होता: थांबलं की परत पळते. झिजलेला पंप पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने बरा होत नाही. गरम डिझेल जास्त पातळ असतं, ते झिजलेल्या फटींतून जास्त गळतं, म्हणून असा पंप तापलेल्या इंजिनावर उलट जास्तच त्रास देतो. इथे इंजिन तापलेलं असतानाही गाडी लगेच सुरू होत होती. अडथळा थांबल्यावर आपोआप बाजूला होत होता.

बहुतेक डिझेल गाड्यांत दोन गाळण्या असतात. बॉनेटखालचा फिल्टर सगळ्यांना माहीत असतो, कारण तो सर्व्हिसिंगमध्ये बदलतात. दुसरी गाळणी डिझेलच्या टाकीत, तळाशी, ओढनळीच्या तोंडावर बसवलेली असते. तिला आपल्याकडे नुसतं 'जाळी' म्हणतात. बाहेरचा फिल्टर काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांएवढे, कण अडवतो. जाळीची छिद्रं त्यापेक्षा खूप मोठी, माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासची असतात. गंजाचे पापुद्रे, पाल्याचे तुकडे, ड्रममधून आलेली माती असा जाडाभरडा कचरा अडवणं हे तिचं काम. सर्व्हिसिंगच्या यादीत ती क्वचितच असते आणि दिसत तर कधीच नाही.

अनेक पिकअपमध्ये टाकीत पंप नसतो. इंजिनाजवळचा पंप टाकीतून डिझेल 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण द्रव पदार्थ दोरीसारखा ओढता येत नाही. पंप नळीतला दाब फक्त कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलवर बसलेली हवा ते नळीत ढकलते. समुद्रसपाटीला या हवेचा जोर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, म्हणजे सुमारे एक बार असतो. पंप कितीही दणकट असला तरी जाळीपाशी त्याला याहून जास्त जोर मिळणं शक्य नाही. पंपाच्या पुढे डिझेलवर दीड-दोन हजार बार दाब असतो, मागे मात्र एक बारसुद्धा पुरता हाताशी नसतो. म्हणून त्या मागच्या बाजूला झालेला लहानसा अडथळाही इंजिनाला जड जातो.

गाडी उभी राहून नुसती चालू असताना तासाला एक लिटरच्या आतबाहेर डिझेल जळतं. सत्तर अश्वशक्तीचं इंजिन भरल्या गाडीने घाट चढताना पूर्ण ताकदीवर असेल, तर तासाला बारा-चौदा लिटर लागतं. अर्धी बुजलेली जाळी एक लिटर सहज पुरवते, सपाटीवरही निभावते. चढावर पंप जोर लावतो, जाळीच्या आतबाहेरच्या दाबातला फरक वाढतो आणि तळाशी तरंगणारा गाळ जाळीवर येऊन थापला जातो. जितका जोर, तितका थर घट्ट. थर घट्ट झाला की पंप आणखी जोर लावतो. शेवटी नळीतला दाब इतका उतरतो की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर पडू लागते. डिझेलमध्ये आकारमानाच्या सुमारे दहा टक्के हवा विरघळलेली असते. गोटी सोड्याची गोटी दाबली की बुडबुडे उठतात, तसंच हे. बुडबुडा दाबला जातो, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. पंपात फेस आला की रेलमधला दाब कोसळतो, संगणक पी-0087 नोंदवतो आणि इंजिन बंद पडतं.

मग ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो. पंप थांबला, जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला, थापलेला थर सुटून खाली बसला. पंधरा मिनिटांनी जाळी पुन्हा मोकळी. हा दोष स्वतःचा पुरावा स्वतःच पुसतो, म्हणूनच गाडी गॅरेजच्या दारात शहाण्यासारखी चालते.

खात्री करायला फार खर्च येत नाही. मामांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींनी स्वच्छ डिझेलचा कॅन गाडीत घट्ट बांधला, फिल्टरकडे जाणारी नळी टाकीपासून सोडवून कॅनमध्ये सोडली, न जळलेलं डिझेल टाकीत आणणारी परतीची नळीही तिथेच वळवली आणि भरली गाडी चढाला घातली. न थांबता चढली. पंप, इंजेक्टर आणि बाहेरचा फिल्टर एका फेरीत निर्दोष सुटले. मला ही चाचणी फार आवडते, कारण संशयिताला बाजूला काढून बाकीच्यांना तपासणं ही विज्ञानातली सर्वांत जुनी आणि विश्वासू रीत आहे.

टाकी उतरवली तेव्हा जाळीवर गंज नव्हता, मातीही नव्हती. चहाच्या गाळणीवर साय चिकटावी तसा, पण काळपट तपकिरी, बुळबुळीत पडदा होता. बोटावर घेतला की लांबत होता आणि त्याला आंबूस वास होता. तो पडदा जिवंत होता.

डिझेलमध्ये बुरशी वाढते. तिचं शास्त्रीय नाव बरीच वर्षं हॉर्मोकोनिस रेझिनी होतं, आता तिला अमॉर्फोथेका रेझिनी म्हणतात. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉकेलसारखं इंधन वापरणाऱ्या जेट विमानांच्या पंखांतल्या टाक्यांत असाच चिखल सापडू लागला, आणि 'रॉकेलची बुरशी' म्हणून तिचा कसून अभ्यास झाला. ती मातीत असते, हवेतून फिरते, त्यामुळे तिचे बीजाणू टाकीत पोचणं अटळ आहे. डिझेलमधल्या हायड्रोकार्बनच्या लांब साखळ्या हे तिचं अन्न. पण नुसत्या डिझेलमध्ये ती वाढत नाही, तिला पाणी लागतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर ही वस्ती उभी राहते: खाली पाणी, वर अन्न. जिवाणूही सोबतीला येतात. हायड्रोकार्बन पचवताना बुरशी त्यातल्या हायड्रोजनपासून स्वतःच पाणी तयार करते, त्यामुळे सुरुवातीला थेंबभर पाणीही पुरतं. या पचनातून निघणारी आम्लं पुढे टाकीचा पत्राही खातात. डिझेलमध्ये मिसळलेलं बायोडिझेल तर या जिवांना आणखी सोपा घास आहे. ते पाणीही जास्त धरून ठेवतं.

मग पाणी आलं कुठून? सगळीकडे एकच उत्तर ऐकू येतं: टाकी अर्धी रिकामी ठेवली की रात्री आत दव पडतं. मी हिशेब मांडून पाहिला. साठ लिटरची टाकी अर्धी रिकामी, म्हणजे आत 30 लिटर हवा. 30 अंशांना दमट हवेत दर घनमीटरला फार तर 30 ग्रॅम वाफ मावते, म्हणजे या हवेत एक ग्रॅमही नाही. रात्री पारा 22 वर उतरला तर त्यातली जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम वाफ पाणी होईल. पुढच्या रात्री एवढंही नाही, कारण तापमानाच्या चढउतारात टाकी आतल्या हवेचा अगदी थोडा भागच बदलते. दव खरं आहे, पण त्यातून वाटीभर पाणी साचायला फार काळ लागेल. उलट बीएस-6, म्हणजे सध्याच्या भारतीय प्रदूषण-नियमांत बसणाऱ्या, डिझेलमध्ये किलोमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. 40 लिटर भरलं तर नियमात बसूनही सहा-सात ग्रॅम पाणी येऊ शकतं. त्यातलं बरंचसं विरघळलेल्या रूपात जळून जातं. पण इंजिनाकडून गरम होऊन परतलेलं डिझेल टाकीत गार झालं की थोडं सुटून तळाशी बसतं.

मामांच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार तिसराच निघाला. पॉवर टिलरसाठी डिझेल ठेवायचा 200 लिटरचा ड्रम वाड्याच्या मागे उघड्यावर उभा असतो. अडीअडचणीला पिकअपमध्येही तेच पडतं. उभ्या ड्रमच्या झाकणाला कड असते, पावसात तिथे पाण्याचं तळं साचतं. उन्हाने ड्रममधली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते, सरीने ड्रम गार झाला की हवा आकसते आणि तिच्या जागी आट्यांतून तेच साचलेलं पाणी आत येतं. बूच घट्ट असूनही. कोकणच्या चार महिन्यांत हे किती वेळा होत असेल! शिवाय पावसाळ्यात पिकअप आठवडेच्या आठवडे उभी होती. बुरशीला याहून शांत जागा मिळाली नसती.

दुरुस्तीतली एक गोष्ट मी जीव तोडून सांगेन. डिझेल पेटत नाही असं मानून लोक टाकीपाशी विडी ओढतात, ग्राइंडर चालवतात. डिझेलची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची भारतीय मानकातली किमान मर्यादा 35 अंश आहे. युरोपात ती 55 च्या वर असते. मे महिन्यात आपल्या रस्त्यावर उभ्या गाडीची टाकी 35 सहज ओलांडते. म्हणून काम सकाळी, उघड्या हवेत, गार गाडीवर, बॅटरीची तार सोडवून करायचं. रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिच्यावर वेल्डिंग तर अजिबात नको.

उघडण्याआधी वरची माती पुसून घ्यायची, नाहीतर तीच आत पडते. जाळी घासून परत लावण्यापेक्षा नवी लावणं बरं, ब्रशने तिचे धागे फाटतात. टाकी डिझेलनेच विसळायची, साबणाच्या पाण्याने नाही. पुसायला धागे न सुटणारं कापड हवं, चिंधीचे दोरे पुढच्या महिन्यात जाळीवरच सापडतात. निघालेला काळा गाळ पऱ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बुरशीनाशक औषध टाकायचं तर सफाईनंतर आणि डब्यावरच्या मापानेच. आधी टाकलं तर मेलेली बुरशी सुटून पुढचा फिल्टर बुजवते. नवीन सील बसवून, हातपंपाने नळ्यांतली हवा काढून मगच चावी फिरवायची.

रस्त्यावर दोन झटपट उपाय चालतात. कॉम्प्रेसरची हवा नळीतून उलटी टाकीत सोडली की जाळीवरचा थर उडतो आणि गाडी थोडे दिवस पळते, पण गाळ टाकीतच राहतो. अडलेल्या गाडीला घरी पोचवायला एवढं ठीक. जाळीला भोक पाडणं किंवा ती काढूनच टाकणं मात्र मला मान्य नाही. मग तोच चिकट गाळ नळीच्या वळणांत आणि बाहेरच्या फिल्टरात अडकतो. आणि इंजेक्टरची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात, आतल्या फटी तर दोन-चार मायक्रॉनच्याच.

मामांनी सफाईनंतर पहिल्या पंधरवड्यात बाहेरचा फिल्टर एकदा बदलला. त्याच्या तळाच्या बुचातून चमचाभर गढूळ पाणी आणि काळे कण निघाले, म्हणून महिन्याने पुन्हा उघडला, तेव्हा नुसतं डिझेल होतं. ड्रम आता पडवीत, छपराखाली, बूच डिझेलखाली बुडेल असा आडवा ठेवलेला आहे. हंगामाच्या शेवटच्या पेट्या त्याच गाडीने फोंडा घाटातून एका दमात वर नेल्या.