गर्भपात किंवा मृत बाळंतपण: केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी रजेचे नियम आणि कागदपत्रे

टपाल, आयकर, सीमाशुल्क अशा खात्यांतल्या महिला कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 लागू होतात. रेल्वे आणि ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत.

गर्भपात झाल्यास नियम 43(3) प्रमाणे 45 दिवसांपर्यंत पगारी रजा मिळते. घरी किती मुले आहेत, हे इथे पाहिले जात नाही. ही रजा तुमच्या रजेच्या खात्यातून कापलीही जात नाही. मात्र 45 दिवस प्रत्येक वेळचे नाहीत, सगळ्या नोकरीचे मिळून आहेत. पहिल्या वेळी 30 घेतले, तर पुढच्यासाठी 15 उरतात. कमी पडले तर पुढे अर्जित रजा जोडता येते.

अर्ज नमुना 1 मध्ये करायचा, सोबत डॉक्टरांचा दाखला. कारणाच्या रकान्यात ‘गर्भपात, नियम 43(3)’ एवढे पुरे. आस्थापना शाखेत कुणालाही बाकी हकीकत सांगत बसू नका.

अर्ज अडतो तो बहुधा दाखल्यातल्या एका शब्दावर. डिस्चार्ज कार्डावर ‘थ्रेटन्ड ॲबॉर्शन’ लिहिले असेल, तर त्याचा अर्थ गर्भपाताचा धोका होता, गर्भपात झालेला नाही. त्यावर ही रजा मिळत नाही. अनेकदा पहिल्या दिवशी दाखल करताना हे निदान लिहिले जाते आणि दोन दिवसांनी गर्भ गेल्यावरही कागदावर तेच राहते. घरी निघण्यापूर्वी नवऱ्याने किंवा बहिणीने कार्ड वाचून घ्यावे: ‘मिस्ड’, ‘इनकम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट ॲबॉर्शन’, गर्भ किती आठवड्यांचा होता, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का. आपोआप पोट पडले तरी डॉक्टर ‘ॲबॉर्शन’ असेच लिहितात. वाचून जीव तुटतो, पण तो शब्द बदलायला सांगू नका. नियमात तोच बसतो.

28 आठवडे पूर्ण झाल्यावर बाळ मृत जन्मले, किंवा जन्मल्यापासून 28 दिवसांच्या आत गेले, तर सप्टेंबर 2022 च्या आदेशाप्रमाणे 60 दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. इथे मात्र दोनपेक्षा कमी जिवंत अपत्ये ही अट आहे, आणि बाळंतपण सरकारी किंवा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीतल्या खासगी रुग्णालयात झालेले हवे. तातडीने दुसऱ्याच खासगी रुग्णालयात न्यावे लागले, तर तातडीचा दाखला लागतोच. तो त्याच वेळी मागून घ्या, महिन्याभराने मिळवताना फार फेऱ्या होतात. प्रसूती रजा आधीच सुरू झाली असेल, तर तोवरचे दिवस वैद्यकीय दाखल्याशिवाय शिल्लक रजेत वळवतात आणि 60 दिवस बाळ गेल्याच्या तारखेपासून मोजतात.

गर्भपातानंतर वडिलांसाठी वेगळी रजा नाही. अर्जित किंवा किरकोळ रजाच टाकावी लागते. हा नियम तोकडा आहे.

मन फार खचले, झोप उडाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दोघांपैकी कुणीही फोन करू शकते. कामावर परतल्यावर रजेची नोंद सेवापुस्तकात नियम 43(3) खालीच झाली आहे ना, ते तपासा. चुकून अर्जित रजेत टाकली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या.