ऑनलाइन दुकानाची विश्वासार्हता

अनोळखी ऑनलाइन दुकानात आलेल्या ग्राहकाला आपले पैसे, पत्ता आणि कार्डाचा तपशील निर्धास्तपणे देता यावा, यासाठी दुकानाच्या मांडणीत, मजकुरात आणि व्यवहारात जे जे करावे लागते ते सगळे या विषयात येते. दुकान आकर्षक करणे हाही याच कामाचा भाग आहे, पण तेवढ्याने भागत नाही. सजावटीवर भरपूर खर्च करायचा आणि परताव्याचे नियम पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दडपायचे, असे केल्याने दुकान बघायला लोक येतात. पैसे भरायची वेळ आली की परत फिरतात.

प्रश्नाचे मूळ व्यवहाराच्या क्रमात आहे. समोरासमोरच्या खरेदीत माल आधी हाताळता येतो आणि पैसे नंतर दिले जातात. ऑनलाइन खरेदीत बहुधा पैसे आधी जातात, माल नंतर दिसतो, आणि विकणाऱ्याला मालाबद्दल जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. माहितीतल्या या तफावतीचा बाजारावर काय परिणाम होतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले. चांगली गाडी कोणती आणि खटारा कोणता हे ओळखता येत नसेल, तर ग्राहक सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे खटारेच उरतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये याच कोड्याची दुसरी बाजू मांडली: एखादी खूण चांगल्या-वाईटातला फरक तेव्हाच सांगते, जेव्हा ती मिळवणे खऱ्याला परवडते आणि खोट्याला महाग पडते. जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह या दोघांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ऑनलाइन दुकानदाराने स्पेन्स यांची कसोटी कायम हाताशी ठेवावी. आपण विश्वासासाठी जे काही दाखवत आहोत, ते एखादा लबाड माणूस एका संध्याकाळीत उभे करू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्या गोष्टीवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

पूर्वपीठिका

इंटरनेटवर कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठवून झालेली पहिली किरकोळ विक्री म्हणून ११ ऑगस्ट १९९४ च्या व्यवहाराचा उल्लेख नेहमी होतो. अमेरिकेतील नेटमार्केट या कंपनीने त्या दिवशी गायक स्टिंग यांची एक सीडी विकली. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने एसएसएल ही संकेतन पद्धत आपल्या ब्राउझरमध्ये आणली आणि कार्डाचा क्रमांक वाटेत चोरला जाईल ही भीती ओसरू लागली. १९९९ पासून तिची जागा टीएलएस या सुधारित पद्धतीने घेतली, त्याची १.३ ही आवृत्ती २०१८ ची आहे.

वाट सुरक्षित झाली, तरी पलीकडचा माणूस कसा आहे हा प्रश्न उरलाच होता. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या लिलावाच्या संकेतस्थळावर, म्हणजे आजच्या ईबेवर, १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेत्यांनी एकमेकांविषयी जाहीर अभिप्राय लिहिण्याची सोय झाली. चीनमध्ये ताओबाओ या ऑनलाइन बाजारपेठेने २००३ मध्ये अलीपे या पैसे भरण्याच्या सेवेमार्फत निराळा मार्ग काढला. ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे थांबत आणि माल मिळाल्याचे ग्राहकाने सांगितल्यावरच विक्रेत्याच्या हाती पडत. पैसे आधी की माल आधी, या पेचातून सुटण्याचा मला हा सर्वांत सरळ उपाय वाटतो. लहान दुकानदाराला स्वतःचे नाव नसले, तरी अशा मध्यस्थाच्या आधाराने तो पहिल्या दिवसापासून विकू शकतो.

कुलूप आणि शिक्के

पत्त्याच्या पट्टीतले कुलपाचे चिन्ह दिसले की दुकान खरे, असा समज अजूनही आढळतो. ते कुलूप फक्त एवढेच सांगत असे की ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, याबद्दल ते काहीच सांगत नव्हते. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने अशा संकेतनासाठी लागणारी प्रमाणपत्रे सर्वांसाठी मोफत खुली केली. संकेतन त्यामुळे सार्वत्रिक झाले हे उत्तमच झाले. पण फसवी संकेतस्थळेही त्याच कुलपाआड गेली. २०१८ च्या जुलैपासून क्रोम हा ब्राउझर संकेतन नसलेल्या पानावर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने कुलपाचे चिन्हच काढून टाकले. आज संकेतन नसणे दुकानाला मारक ठरते, आणि असण्याचे वेगळे श्रेय कोणी देत नाही.

‘प्रमाणित’, ‘१०० टक्के सुरक्षित’ अशा शिक्क्यांची गत त्याहून वाईट आहे. त्यांचे चित्र कोणीही उचलून डकवू शकतो. खरोखर दिलेले शिक्केही भरवशाचे असतातच असे नाही. अशा एका नामांकित गोपनीयता-शिक्क्याच्या २००६ मधील अभ्यासात बेंजामिन एडेलमन यांना आढळले, की शिक्का मिरवणाऱ्या संकेतस्थळांमध्ये बेभरवशाच्या संकेतस्थळांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. ज्याला शिक्क्याची गरज जास्त, तोच तो मागायला जातो.

कार्डाच्या माहितीबाबतचे पीसीआय डीएसएस हे मानक डिसेंबर २००४ पासून लागू आहे. कार्डामागचा पडताळणी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवून ठेवायचा नाही, हा त्यातला एक पक्का नियम. लहान दुकानाने कार्डाचा तपशील स्वतःकडे घेऊच नये आणि मान्यताप्राप्त पेमेंट गेटवेवर, म्हणजे पैसे स्वीकारून देणाऱ्या मध्यस्थ सेवेवर, सोपवावा. जे आपल्याकडे नाहीच ते चोरीला जात नाही.

पहिली नजर

कॅनडातील कार्लटन विद्यापीठात गिट्टे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, संकेतस्थळ डोळ्यांना भावते की नाही याचा कौल ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२ मध्ये २,६८४ लोकांना संकेतस्थळांची विश्वासार्हता जोखायला सांगितले होते. त्यांच्या शेऱ्यांपैकी ४६.१ टक्के शेरे दिसण्याबद्दलचे होते. मांडणी, अक्षरे, रंगसंगती यांवरून लोक दुकानाची नियत ताडतात. हे न्याय्य नसेल, पण बेफिकिरीने केलेली मांडणी पाहून ‘ऑर्डरही हे असेच बेफिकिरीने हाताळणार’ असे कोणालाही वाटणारच.

यासाठी झगमगाट लागत नाही. शुद्धलेखन तपासलेले असावे, बंद पडलेले दुवे नसावेत, गेल्या सणाची सवलत मुखपृष्ठावर लटकत राहू नये. पान वेगाने उघडावे. गूगलच्या मापदंडानुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. तेच मापदंड पान उघडताना मजकूर जागचा किती हलतो हेही मोजतात, आणि ते योग्यच आहे. ‘नको’वर टेकवलेले बोट वरून उशिरा उतरलेल्या जाहिरातीमुळे ‘विकत घ्या’वर पडले, की ग्राहक चमकतो आणि मग सावधच राहतो. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर टाकण्याची हौसही सोडावी. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी रंगांतला फरक किमान ४.५ ला १ असावा असे म्हटले आहे.

वस्तूचे पान

खरे काम इथे होते. ग्राहकाच्या हाताला जे कळले असते ते पानाने डोळ्यांना कळवायचे असते, आणि बहुतेक दुकाने इथेच कमी पडतात. पाठीवरची सॅक विकायची आहे असे धरू. ‘प्रीमियम दर्जाची, स्टायलिश, टिकाऊ सॅक’ या ओळीतून काहीच कळत नाही, कारण सगळ्यांत भिकार सॅकखालीही हीच ओळ असते. ग्राहकाला विचारायचे असते ते असे: लॅपटॉप मावेल का, कितव्या आकाराचा? बाटलीचा कप्पा बाहेर आहे की आत? रिकामी असताना वजन किती? कापड पाणी अडवते की नुसते थोपवते, आणि चेनीतून पाणी शिरते का? पट्ट्याचा टाका दुहेरी आहे का? उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, क्षमता लिटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहिले, की यांतले निम्मे प्रश्न मिटतात.

उरलेल्या प्रश्नांचे उत्तर फोटो देतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा एक फोटो ओळखीपुरता ठीक. पुढचा फोटो माणसाच्या पाठीवरचा, त्या माणसाची उंची लिहिलेला. एक आतला, सगळे कप्पे उघडे. एक चेनीचा इतक्या जवळून की दात मोजता यावेत. एक पट्टा जिथे शिवला आहे त्या जागेचा. रंग दिवसाच्या उजेडात टिपलेला असावा आणि पडद्यागणिक थोडा फरक पडतो हे तिथेच सांगितलेले असावे. उत्पादकाकडून आलेला तयार फोटो शंभर दुकानांत असतो. स्वतःच्या टेबलावर काढलेला फोटो वस्तू खरोखर आपल्या ताब्यात आहे हे सांगतो.

उणीव सांगायलाही कचरू नये. ‘१५ इंचांहून मोठा लॅपटॉप यात मावत नाही’ असे ठळक लिहिले तर काही ग्राहक निघून जातील. ते घेऊन परत पाठवणारेच ग्राहक होते. जो राहतो तो पानावरच्या बाकीच्या ओळींवरही विश्वास ठेवतो, कारण या दुकानदाराने स्वतःच्या तोट्याचे वाक्य आपणहून लिहिलेले असते.

किंमत आणि पैसे भरण्याची वाट

निरनिराळ्या अभ्यासांची सरासरी काढून डेन्मार्कमधील बेमार्ड इन्स्टिट्यूट सांगते, की ग्राहकांनी वस्तू निवडून भरलेल्या टोपल्यांपैकी (कार्टपैकी) सुमारे ७० टक्के टोपल्या पैसे न भरताच सोडल्या जातात. यात नुसते बघायला आलेलेही असतात. खरेदीच्या विचाराने आलेल्यांच्या तक्रारींत मात्र ऐनवेळी वाढलेला खर्च वरचढ असतो: घरपोच शुल्क, कर, हाताळणी शुल्क. शेवटच्या पायरीवर बिल फुगले की ग्राहकाला रकमेहून जास्त बोचते ती लपवाछपवी. एकूण रक्कम, निदान तिचा अंदाज, वस्तूच्या पानावरच द्यावा. खाते उघडण्याची सक्ती नसावी. जन्मतारखेसारखी माहिती मागायची असेल तर कशासाठी ते शेजारी लिहावे, नाहीतर मागू नये.

ग्राहकाला घाई करायला लावणाऱ्या किंवा भुलवणाऱ्या रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० विक्री-संकेतस्थळे यंत्राने चाळली, तेव्हा अशा १,८१८ जागा सापडल्या. काही ठिकाणी उलटी मोजणारी घड्याळे शून्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत, तर ‘आत्ताच कोणीतरी हे विकत घेतले’ अशा काही सूचनांमागे कोणताही ग्राहक नसे. ही उघड फसवणूक आहे, आणि कायदाही आता तसेच म्हणू लागला आहे. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. युरोपीय संघात आधीच खूण केलेल्या चौकटींतून जादा वस्तू गळ्यात मारता येत नाही, आणि २८ मे २०२२ पासून ‘सवलत’ जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते.

अभिप्राय

नाव कमावण्याला पैशांत किती मोल आहे, हे पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांच्या २००६ मधील प्रयोगात मोजले गेले. ईबेवर एकाच विक्रेत्याने सारखीच जुनी पोस्टकार्डे स्वतःच्या नावाजलेल्या खात्यावरून आणि कोऱ्या नव्या खात्यांवरून विकली. जुन्या नावासाठी ग्राहक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते.

सगळेच अभिप्राय गोड असले तर लोक बिचकतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राच्या २०१७ मधील अहवालानुसार खरेदीची शक्यता ४.० ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि पाचाकडे जाताना ती घटते. वाईट अभिप्राय पुसून टाकणारा दुकानदार म्हणजे स्वतःचेच नुकसान करतो. त्याखाली काय चुकले आणि काय केले हे दोन ओळींत, नाव घेऊन उत्तर दिलेले असावे. नवा ग्राहक आवर्जून तेच वाचतो. विकत घेतलेले अभिप्राय अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून थेट दंडनीय आहेत, आणि अभिप्राय खऱ्या ग्राहकाचा आहे हे कसे तपासले ते युरोपीय संघात सांगावे लागते.

ओळख, परतावा आणि विक्रीनंतर

दुकानामागे कोण आहे हे लपलेले नसावे: नोंदणीकृत नाव, टपालाचा पत्ता, उचलला जाणारा फोन, तक्रार पाहणाऱ्या माणसाचे नाव. भारतातील २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि ती महिन्याभरात निकाली काढावी लागते. नियम नसता तरी हे करण्यासारखेच आहे, कारण सापडू शकणारा पत्ता ठगाला परवडत नाही.

परताव्याचे वचन तर त्याला मुळीच परवडत नाही. दूरस्थ खरेदी १४ दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क युरोपीय संघातील ग्राहकांना आहे. खास मापाने बनवलेल्या वस्तूंसारखे मोजके अपवाद सोडून. परतावा सैल केला तर लोक गैरफायदा घेतील अशी धास्ती दुकानदारांना असते. या विषयावरच्या आधीच्या अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा उदार नियमांमुळे परत येणाऱ्या मालापेक्षा खरेदीच अधिक वाढते असे दिसले, आणि मुदत लांबवल्याने परतावे उलट घटले. नियम लिहितानाही वकिली भाषा टाळावी. किती दिवसांत, कोणत्या अवस्थेत, टपालखर्च कोणाचा, पैसे कुठे आणि कधी, एवढे सांगितले की पुरते.

ऑर्डर गेल्यावर दुकानाने गप्प बसू नये. पैसे मिळाले, माल निघाला, माल अडकला, यांतला प्रत्येक टप्पा ग्राहकाने विचारण्याआधी कळवायचा असतो, आणि अडकल्याची बातमी सर्वांत आधी. परतावा मंजूर होण्याचा दिवस आणि पैसे खात्यात दिसण्याचा दिवस यांत बँकेमुळे अंतर पडते. ते किती दिवसांचे असेल हे मंजुरीच्या संदेशातच, व्यवहार क्रमांकासह लिहावे, म्हणजे ग्राहकाला तो क्रमांक घेऊन थेट बँकेत विचारता येते.