कोरियन भाषेतला भविष्यकाळ: वेळ कमी, अंदाज जास्त

कोरियन शिकताना भूतकाळ पटकन जमतो, क्रियापदात 'आत' किंवा 'ऑत' घातलं की झालं, पण भविष्यकाळापाशी बरेच जण अडखळतात कारण तिथे एकाच कामाला तीनचार प्रत्यय समोर येतात आणि कुठला कधी वापरायचा ते कळत नाही. मला वाटतं याचं कारण असं की कोरियनमध्ये निव्वळ 'पुढे घडणार' एवढंच सांगणारा प्रत्यय नाहीच, बोलणाऱ्याचा इरादा आहे की अंदाज आहे की शब्द देणं आहे, हे त्यात आधी येतं.

सगळ्यात जास्त चालणारं रूप घ्या. 'गादा' म्हणजे जाणे. त्याच्या 'गा'ला ल जोडला की 'गाल', म्हणजे जायची, पुढे 'गॉ' म्हणजे गोष्ट आणि 'येयो' म्हणजे आहे. थोडक्यात 'जायची गोष्ट आहे', आपल्या 'जायचंय'च्या बरंच जवळचं. लिहिताना साधा ग असतो पण त्या ल नंतर तो कडक होतो म्हणून ऐकू येतं 'गाल क्कॉयेयो'. मॉक्ता (खाणे) चं मूळ व्यंजनावर संपतं म्हणून मध्ये उ येतो, 'मॉगुल क्कॉयेयो'.

आता खरी मजा. हेच रूप भूतकाळाला पण लागतं! 'वास्सुल क्कॉयेयो' म्हणजे 'आला असेल'. बघा ना, आपणही 'तो एव्हाना पोचला असेल' म्हणतो, असेल हे रूप भविष्याचं आणि गोष्ट होऊन गेलेली, तरी आपल्याला त्यात काहीच खटकत नाही, कारण तिथे असेल वेळ सांगत नसतं, आपला अंदाज सांगत असतं.

दुसरा प्रत्यय 'गेत'. पंधराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथांत या कामाला 'री' होता, गेत अठराव्या शतकाच्या शेवटाकडे दिसायला लागतो. टीव्हीवर हवामान सांगताना हाच असतो, 'नेइल बिगा ओगेस्सुम्निदा', उद्या पाऊस पडेल. पण समोर गरम जेवण आलं आणि अजून घास घेतला नाही तर कोरियन माणूस म्हणतो 'माशिक्केत्ता', चांगलं लागणार असं दिसतंय! एकदा खाल्लं की 'माशित्ता', गेत गायब, कारण आता अंदाजाची गरजच उरली नाही. हा फरक एकदा कानात बसला की कोरियन सिरीयलमधले जेवणाचे सीन वेगळेच ऐकू येतात. आणि तिथेच सारखं ऐकू येणारं 'आल्गेस्सुम्निदा', म्हणजे 'समजलं', यातही हाच गेत आहे, इथे तो बोलणं मऊ आणि अदबीचं करतो.

तिसरं 'हाल क्केयो', मी करते हं, करतो हं. यात समोरच्याला शब्द दिलेला असतो म्हणून ते फक्त स्वतःबद्दल बोलताना चालतं, 'तो करेल' असं यात म्हणताच येत नाही आणि प्रश्नही विचारता येत नाही. उच्चार कडक असला तरी 1988 च्या शुद्धलेखन नियमांपासून ते साध्या ग ने लिहायचं ठरलंय, तरी चॅटवर कितीतरी कोरियन लोक अजून जोडअक्षरच टाइप करतात.

आणि बेत पक्का असेल तर यातलं काहीच लागत नाही, नुसतं 'नेइल गायो', उद्या जातो, एवढं पुरतं. नवीन शिकणाऱ्यांनी आधी हे आणि 'गाल क्कॉयेयो' पक्कं करावं, गेत ऐकून ऐकून येतो.