पाठमोरी सीट आणि मांडीवरचं बाळ

लहान मुलासाठी कार सीट घ्यायला गेलं की विक्रेता आधी मुलाचं वजन विचारतो, मग गाडीला आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट अडकवायची कडी, आहे का ते. सीटवरच्या लेबलवर वर्तुळातलं ई अक्षर, म्हणजे युरोपातल्या मानकाची खूण, असतं आणि सोबत किलोचे नाहीतर सेंटिमीटरचे आकडे. आईबाबांचं लक्ष बहुतेकदा कापडाच्या रंगाकडे आणि किमतीकडे. या आकड्यांमागे नव्वदेक वर्षांचा इतिहास आहे. त्यातली पहिली तीस वर्षं तर मुलाच्या सुरक्षिततेचा विचार फारसा कोणी केलाच नव्हता.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बनी बेअर कंपनीने मुलांसाठी गाडीत ठेवायची बैठक विकायला काढली. मूल उंचावर बसावं आणि मोठ्यांच्या नजरेत राहावं, एवढाच तिचा हेतू. पुढच्या काळातल्या सीटा बाकाच्या पाठीला हुकांनी अडकवत, काहींना खेळण्यातलं स्टिअरिंगही असे. गाडी आदळली तर मूल सीटसकट पुढे फेकलं जाणार, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

हा विचार साठच्या दशकात सुरू झाला. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी वायच्या आकाराच्या पट्ट्याची, मागे तोंड असलेली सीट तयार केली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हरचे लिओनार्ड रिव्हकिन यांनी लोखंडी चौकटीची, पुढे तोंड असलेली सीट आणली. आज पालकांना पडणारा ‘तोंड पुढे की मागे’ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

त्याचं उत्तर स्वीडनमध्ये सापडलं. बर्टिल आल्डमन हे मूळचे डॉक्टर, पुढे वाहतूक सुरक्षेचे प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या जेमिनी अवकाशयानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात आणि सगळा दाब पाठभर विभागला जातो, हे पाहून त्यांना लहान मुलांची सीट मागे तोंड करून बसवायचं सुचलं. १९६४ मध्ये त्यांच्या नमुन्याची व्होल्व्होच्या गाडीत चाचणी झाली आणि १९७२ मध्ये व्होल्व्होने तशी सीट बाजारात आणली.

यामागचं शास्त्र सोपं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव भाग असतं, आणि मान मात्र कोवळी. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाची गाडी समोरून आदळली, तर पट्टा धड धरून ठेवतो, डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटमध्ये दाबली जातात. स्वीडनमध्ये चार वर्षांची मुलंही पाठमोरी बसतात. पाय दुमडावे लागतात, पण त्याची तक्रार मुलांपेक्षा आज्यांचीच जास्त असावी.

सीट तयार झाली, पण ती वापरायला लावणं अधिक अवघड होतं. अमेरिकेने १९७१ मध्ये मुलांच्या सीटसाठी मानक आणलं, पण त्यात धडक देऊन चाचणी घेण्याची अट नव्हती. ती १९८१ मध्ये आली. दरम्यान टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी कायद्यासाठी आमदारांचा पिच्छा पुरवला. १९७८ च्या जानेवारीपासून तिथे मुलांच्या सीटचा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा लागू झाला. पण मंजूर होताना त्यात एक पळवाट घुसली होती: मोठ्या माणसाने बाळाला मांडीवर घेतलं असेल तर सीट नको. सँडर्स या तरतुदीला ‘चाइल्ड क्रशर’, म्हणजे मुलाला चिरडणारी, म्हणत.

ते खरंच होतं. दहा किलोचं बाळ, ताशी ५० किलोमीटरचा वेग, आणि गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कोणत्याही आईच्या हातात ती नसते. शिवाय तिने स्वतः बेल्ट लावलेला नसेल, तर तिचं सगळं वजन बाळावर येतं. १९८१ मध्ये ती पळवाट बंद झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी तिकडे गेलेल्या आपल्याकडच्या आज्यांना दवाखान्यातून निघतानाच बाळ सीटमध्ये बांधलेलं पाहून जो धक्का बसतो, त्याचं मूळ इथे आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात आर४४ हे मानक आलं. त्यात मुलांचे गट वजनावरून पाडले होते. पुढे प्रवासी बाजूला एअरबॅग आल्या आणि नवंच संकट उभं राहिलं. पुढच्या सीटवर पाठमोऱ्या बसवलेल्या बाळाच्या डोक्यामागेच एअरबॅग उघडून नव्वदच्या दशकात बाळं दगावली. चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीच ठेवायची नाही, हा नियम त्यातून आला. बेल्टने बांधलेल्या सीटा अनेकदा सैल राहतात, म्हणून गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेले आयसोफिक्सचे कड्यासारखे अडकवे आले. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९९९ चं. २०१३ मधल्या आर१२९ ने वजनाऐवजी उंची धरली, बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी घातली आणि १५ महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं सक्तीचं केलं.

आपल्याकडे मुलांच्या सीटसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं: १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा त्याच्यासाठीच्या सीटमध्ये सुरक्षित बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. त्यासाठी पावती फाडलेली फारशी कोणी पाहिली नसेल. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर, बेल्टविना, अपघातात गेले, तेव्हा कुठे मागच्या बेल्टची घरोघरी चर्चा झाली. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरपासून सगळ्या प्रवाशांना बेल्ट सक्तीचा केला. मांडीवरच्या बाळाचा विषय मात्र त्या चर्चेत फारसा निघालाच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणारी योजना, सुरू झाल्यावर गाड्यांना मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळे तारे मिळू लागले. ते तारे सीट नीट बसवून घेतलेल्या चाचणीचे असतात, मांडीवरच्या बाळाला त्यांचा उपयोग नाही.

आर४४ च्या लेबलची सीट आपल्या बाजारात आजही मिळते. तिच्या वजनगटाप्रमाणे नऊ किलो झाले की मूल पुढे तोंड करून बसवता येतं, आणि काही गुटगुटीत बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आधीच नऊ किलोंची होतात. विक्रेता अशा वेळी सीट फिरवा म्हणेल, पण आर१२९ च्या हिशेबाने त्या बाळाला १५ महिने पूर्ण होईपर्यंत तरी पाठमोरंच बसायचं असतं.