गुडघे टेकून बघा, मगच नी-पॅड घ्या
फरशी आणि टाइल्सचं काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नी-पॅड घ्यायला आलेले बरेच मिस्त्री तो हातात घेतात, अंगठ्याने दाबतात, "जाड आहे ना?" एवढं विचारतात आणि पिशवीत टाकतात. पंधरा दिवसांनी भेटले की कळतं, पॅड साइटवर खिळ्याला लटकतोय आणि गुडघ्याखाली पुन्हा सिमेंटच्या रिकाम्या गोणीची घडी आली आहे. म्हणून दुकानात एक कोपरा आम्ही मोकळा ठेवलाय. कामाला घालता तीच पँट घालून या, पॅड बांधा, तिथे पाच मिनिटं गुडघे टेका आणि थापी फिरवताना वाकता तसे पुढे वाका. काउंटरपाशी उभं राहून सगळेच पॅड चांगले वाटतात.

आम्ही आधी विचारतो ते एवढंच : तुम्ही बसता कसे? पॅकेटवरच्या चित्रातला माणूस दोन्ही गुडघे टेकून निवांत बसलेला असतो. आपल्याकडे तसं फार कोणी बसत नाही. मिस्त्री उकिडवा बसतो, टाइल ठेवताना एक गुडघा टेकतो, रबरी हातोडीने ठोकतो, दोन टाइलमधली फट सारखी राहावी म्हणून स्पेसर घालतो आणि पुन्हा उकिडवा होतो. त्यात गुडघा दर वेळी पूर्ण दुमडतो. मोठं कडक कवच आणि रुंद पट्टे असलेला पॅड अशा वेळी पायाच्या मागे चिमटे घेतो आणि दुपारपर्यंत मिस्त्री तो सोडून ठेवतो. तुमची सवय अशी असेल तर मऊ फोमचा, मागून मोकळा आणि गुडघ्याखाली एकच पट्टा असलेला पॅड घ्या. किंवा पॅड नकोच, गुडघे टेकायची जाड फोमची चटई घ्या. ती पुढे सरकवत काम करता येतं. आमचा फायदा पॅड विकण्यात जास्त, तरी हे सांगतो.

तासन्‌तास गुडघ्यांवरच राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. टाइलमधल्या फटींत ग्राऊट भरणं, लाकडी फ्लोअरिंग, कार्पेट ही कामं तशी. इथे पॅडचा तळ रुंद आणि सपाट हवा. गोल कवचावर गुडघा डावी-उजवीकडे डुलत राहतो आणि तोल सांभाळण्यात मांड्या भरून येतात. स्केटिंगचे किंवा खेळाचे पॅड या कामाला घेऊ नका. ते पडल्यावरचा मार झेलण्यासाठी असतात, दिवसभराचं वजन पेलण्यासाठी नाही. फोम तपासायचा असेल तर अंगठा जोर लावून दाबा. पलीकडच्या बोटाला अंगठा लागला तर तुमच्या वजनाखाली तो फोम दोन दिवसांत पापड होणार. जेल घातलेले पॅड पहिल्या पाच मिनिटांत फार छान वाटतात. पण जेलच्या मागे चांगला फोम नसेल तर ते बाजूला पसरतं आणि गुडघ्याची वाटी शेवटी फरशीवरच येते.

खाली काय आहे तेही बघा. कोबा, खडी, तुटलेल्या टाइलचे तुकडे असतील तर कडक कवच हवंच. पॉलिश केलेला मार्बल किंवा लाकडी फरशी असेल तर कडक कवच नको. त्यात अडकलेला वाळूचा एक खडा गिऱ्हाइकाच्या नव्या फरशीवर ओरखडा काढून जातो. ताज्या बसवलेल्या टाइलवर मात्र कुठलाही पॅड घालून गुडघा टेकू नका. कोपरा दबतो आणि लेव्हल जाते. जायचंच असेल तर फळी टाका.

बाहेरून आलेल्या काही मालावर 'ईएन १४४०४' असं छापलेलं असतं. गुडघे टेकून काम करताना वापरायच्या पॅडसाठी युरोपात ठरवलेलं ते मानक आहे. त्यात टोकदार वस्तू किती अडवली जाते यावरून ०, १ आणि २ असे स्तर आहेत. ० म्हणजे साध्या सपाट जमिनीसाठी, टोक अडवण्याची हमी नाही. १ ला १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचा दाब, २ ला २५० न्यूटन. टाइल्सच्या साइटसाठी १ बघा.

आता ओल्या मालाबद्दल, म्हणजे कालवलेल्या सिमेंटबद्दल, कारण इथे पॅडपेक्षा कातडीचा प्रश्न मोठा आहे. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं. माल पँटमधून किंवा पॅडच्या कापडातून झिरपला तर तो गुडघ्याला तासन्‌तास चिकटून राहतो आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. संध्याकाळी पँट काढल्यावर भाजल्यासारखी जखम दिसते. म्हणून पाणी न शोषणारा फोम घ्या, आतलं कापड ओलं झालं की लगेच पॅड काढा आणि गुडघा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. आदल्या दिवशीचा माल वाळलेला पॅड तसाच बांधू नका. घाम आला की तो पुन्हा ओला होतो.

पट्टा बांधताना खाली दोन बोटं जायला हवीत. पायाला मुंग्या आल्या तर तो घट्ट आहे. पॅड घसरतो म्हणून पट्टा आवळत जाणं ही नेहमीची चूक. घसरतो कारण माप मोठं आहे किंवा वेल्क्रोत सिमेंटची धूळ भरली आहे. जुना टूथब्रश घेऊन ती काढा, पट्टा पुन्हा धरतो.

पॅड काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. वाटीच्या पुढे कातडीखाली पातळ द्रवाची छोटी पिशवी असते, डॉक्टर तिला बर्सा म्हणतात. रोजच्या दाबाने ती सुजते, आणि हा दाब पॅड कमी करतो. पण गुडघा दिवसभर दुमडून आतल्या सांध्यावर येणारा ताण कुठलाच पॅड घेत नाही. त्यासाठी मधूनमधून उठावं लागतं. शक्य असेल तर सकाळी फरशी आणि दुपारी डॅडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागातल्या टाइल्स, अशी कामाची वाटणी करा. गुडघा सुजून लाल आणि गरम झाला, त्यात ताप आला, तर नवा पॅड घ्यायला आमच्याकडे येऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दाबलेला फोम वर येईनासा झाला की पॅड बदला, वरून तो कितीही नवा दिसो. नुसता पट्टा तुटला असेल तर जुना जोड घेऊन या. पट्टे आम्ही सुटे ठेवतो.